आधी प्रश्न, मग विषय

प्रिय,

अनेक शाखा जोडणाऱ्या, आंतरविद्याशाखीय पदवीचा तुझा आराखडा दोनदा वाचला. मेंदूविज्ञान, नाट्य, संख्याशास्त्र, पर्यावरण, बालमानसशास्त्र, वर आणखी चार विषय. सगळं एका पदव्युत्तर पदवीत बसेल का, असं विचारलंयस. बसेल. श्रेयांकांची बेरीजही जुळेल. पण हे सगळं कशासाठी, ते पत्रात कुठेच नाही.

म्हणजे आहे, पण तिसऱ्या पानावर, कंसात. तुझ्या वर्गातला तो मुलगा. उदाहरण वाचून दाखवलं की तोंडी झटक्यात सोडवतो, तेच कागदावर दिलं की पेन्सिल खाली ठेवतो. अगं, कंसात कसलं टाकतेस त्याला! तुझी पदवी तिथेच आहे.

आधी प्रश्न, मग विषय. हा मुलगा नेमका कुठे अडतो? शब्द वाचताना, अर्थ लावताना, की अर्थ कळूनही बेरीज करायची की वजाबाकी हे ठरवताना? ऑस्ट्रेलियात ॲन न्यूमन यांनी १९७७ साली शाब्दिक उदाहरणांतल्या चुकांच्या याच पायऱ्या वेगळ्या करून मांडल्या: वाचन, आकलन, गणिती रूपांतर, प्रत्यक्ष क्रिया आणि उत्तर लिहिणं. कितीतरी मुलं आकडेमोडीपर्यंत पोचायच्या आधीच अडकलेली असतात. आपण मात्र त्यांना आणखी आकडेमोड देत राहतो.

हा प्रश्न धरलास की विषय आपोआप गोळा होतात. भाषाविज्ञान हवं, गणिताचं अध्यापन हवं, मूल्यमापन हवं. नाट्य कदाचित, तोंडी कथनाच्या अंगाने, पण ते का हवं हे तुला पटवून द्यावं लागेल. पर्यावरण काढ. आवडतं म्हणतेस, तर सुट्टीत वाच.

मी एवढं ताणून धरते त्याला कारण आहे. मलाही विषय निवडायची अशीच मोकळीक मिळाली होती आणि मी ती उधळली. जे जे छान वाटलं ते घेतलं. प्रबंध लिहायला बसले तेव्हा प्रत्येक प्रकरण वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखं झालं. कुणी अडवलं नाही, पासही झाले. पदवी हातात आल्यावर पहिल्याच तासाला वर्गात उभी राहिले आणि दोन वर्षांपूर्वी शिकवत होते तसंच शिकवलं. ते आजही सलतं.

म्हणून आराखडे परत पाठवते. एकीचा चार वेळा पाठवला. ती फार दुखावली, मला कठोर म्हणाली. असेन. पण दिवसभर शिकवून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या माणसाची दोन वर्षं मी वाया जाऊ देणार नाही. पाचव्यांदा तिने एका वाक्यात प्रश्न लिहून आणला आणि निम्मे विषय स्वतःच खोडले.

तुला वाटतं तसं आंतरविद्याशाखीय म्हणजे सगळ्यातलं थोडं थोडं नव्हे. शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये दाखवून दिलं की विषयाचं ज्ञान आणि शिकवण्याचं ज्ञान जिथे मिसळतं, तिथे शिक्षकाचं म्हणून एक खास ज्ञान असतं. ही मिसळण व्हायची तर एका शाखेत तरी पाय घट्ट हवा. तुझा गणितात आहे, तो सोडू नकोस. समिती विचारेल, ‘तुमची मूळ शाखा कोणती?’ तेव्हा गडबडायचं नाही.

मार्गदर्शक दोन घे, वेगवेगळ्या शाखांचे, आणि दर सत्रात एकदा तरी दोघांना एकत्र बसव. नाहीतर एक म्हणेल भाषा तपास, दुसरा म्हणेल गणित तपास, आणि तू मधल्या मध्ये धावत राहशील. कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गात काही करून बघत केलेला अभ्यास, शेवटच्या सत्रावर ढकललंयस, ते पहिल्या सत्रात आण. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये त्याचं वर्णन वळत वर जाणाऱ्या पायऱ्यांसारखं केलं होतं: योजना, कृती, काय झालं ते पाहणं, पुन्हा योजना. एका सत्रात एखादी फेरी जेमतेम पुरी होते. तुला निदान तीन हव्यात.

नवा आराखडा इतक्यात पाठवू नकोस. त्या मुलाला एक उदाहरण कागदावर दे, त्याच्याशेजारी बस, त्याला मोठ्याने वाचू दे. कुठल्या शब्दावर थांबला ते लिहून ठेव. ते पान मला पाठव, पेन्सिलीच्या खुणांसकट.

तुझी,
बाई