स्टिअरिंग डॅम्पर टाकू का?

प्रश्न: दादा, माझ्या ३५० सीसी गाडीला मागे टॉप बॉक्स लावलाय, ८०-९० ला हँडल थरथरतं, मेकॅनिक म्हणतो स्टिअरिंग डॅम्पर (हँडलचे झटके शोषून घेणारा छोटा शॉकॲब्जॉर्बर) टाक. टाकू का?

उत्तर: नको रे, आधी कारण शोध. बॉक्स काढून चालवून बघ, टायरची हवा, व्हील बॅलन्सिंग चेक कर, आणि गाडी मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरव, मधोमध खाचेत बसल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलाय, तोच बदल, डॅम्पर टाकलास तर खराबी नुसती झाकली जाईल आणि ते जास्त डेंजर. डॅम्पर लागतो तो भरपूर ताकदीच्या, झटकन वळणाऱ्या गाड्यांना, १९९७ साली आलेल्या सुझुकी टीएल१०००एसला तर कंपनीने रिकॉल करून बसवून दिला होता. काम होईपर्यंत गाडी हळूच चालव, प्लीज.