पॅरिसहून आल्यापासून सासूबाई गप्प आहेत

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे, दोन मुले आणि ६८ वर्षांच्या सासूबाई एका सहल कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो. सासूबाई शाळेत चित्रकला शिकवत असत, त्यामुळे पॅरिसचे लूव्र संग्रहालय पाहण्याची त्यांची इच्छा फार जुनी होती. आम्ही तिथे पोहोचलो तो मंगळवार होता आणि संग्रहालय बंद होते. काचेच्या पिरॅमिडपाशी फोटो काढून झाल्यावर आम्हाला अत्तराच्या दुकानात नेण्यात आले. सासूबाईंनी अवाक्षरही काढले नाही. मात्र परतल्यापासून त्या सहलीचा विषयच टाळतात. आमचे काय चुकले?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : लूव्र दर मंगळवारी बंद असते. कार्यक्रमपत्रिका आपणही तपासायला हवी होती, हे खरे. पण दर हंगामात पॅरिसला प्रवासी नेणाऱ्या कंपनीला हे ठाऊक नसावे, हे मला पटत नाही. त्याहून मनाला लागते ते असे, की त्याच दिवशी सेन नदीच्या पलीकडे, चालत पंधरा-वीस मिनिटांवर, जुन्या रेल्वे स्थानकाच्या इमारतीतले ओर्से संग्रहालय उघडे होते. त्याची सुट्टी सोमवारी असते. मोने आणि व्हॅन गॉग यांची मूळ चित्रे तिथे आहेत, आणि अत्तराच्या दुकानात गेलेला वेळ एका चित्रकला-शिक्षिकेला तिथे मिळू शकला असता. हे सारे कंपनीला लेखी कळवाच.

लूव्र उघडे असते तरी तासाभराच्या धावत्या भेटीत फारसे हाती लागले नसते. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटिमीटरची आहे, तीही काचेआड, आणि तिच्यासमोर गर्दी करणाऱ्यांची पाठ नेमकी व्हेरोनेसेच्या जवळजवळ १० मीटर रुंद चित्राकडे असते. श्रावणी सोमवारी पाहुण्यांना त्र्यंबकेश्वरला नेणाऱ्या आपल्या नाशिककरांना हे वेगळे सांगायला नको.

सासूबाई गप्प आहेत त्या, मला वाटते, खर्च करणाऱ्या मुला-सुनेला अपराधी वाटू नये म्हणून. तेव्हा विषय आपणच काढावा. ‘आई, लूव्र राहिले याची आम्हालाही हळहळ आहे,’ असे सरळ म्हणावे आणि त्यांना तिथे कोणते चित्र पाहायचे होते ते विचारावे. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, म्हणून हे मुद्दाम लिहीत आहे. लूव्रने २०२१ पासून आपला संग्रह संकेतस्थळावर विनामूल्य खुला केला आहे. ते चित्र मोठ्या पडद्यावर लावावे, नातवंडांना समोर बसवावे आणि शिकवणे आजींवर सोपवावे.