पॉलीफॉस्फेट हे जीवाणूंसाठी केवळ फॉस्फेटचे कोठार आहे का?

व्होल्युटिन कणांना, म्हणजे जीवाणूंच्या पेशीत पॉलीफॉस्फेट साचून बनणाऱ्या कणांना, पाठ्यपुस्तके ‘राखीव साठा’ म्हणतात, तर पेशीची रचना आणि तग धरणे यांत त्यांचे आणखी काही काम आहे का, असे आपण विचारले आहे. घटसर्पाच्या जीवाणूंना अल्बर्टचे रंजक देऊन हिरव्या पेशींतले ते काळपट ठिपके दाखवताना मीही अनेक वर्षे ‘साठा’ एवढेच सांगत आलो. आज मला ते उत्तर फार तोकडे वाटते.

पॉलीफॉस्फेट म्हणजे फॉस्फेटची सरळ साखळी. तिच्यात काही मोजके ते हजाराच्या आसपास दुवे असू शकतात. एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूतील टोकाचा फॉस्फेट काढून ती विणणारे पीपीके (पॉलीफॉस्फेट कायनेज) हे एन्झाइम जीवरसायनशास्त्रज्ञ आर्थर कॉर्नबर्ग यांच्या प्रयोगशाळेने 1956 साली ई. कोलायमध्ये शोधले. पुढे 1990च्या दशकात त्याच गटाने या एन्झाइमचे जनुक निकामी केलेले जीवाणू तपासले, तेव्हा अन्न मुबलक असेपर्यंत ते नीट वाढत, पण वाढ थांबल्यावर भराभर मरत आणि उष्णता किंवा ऑक्सिडीकारके त्यांना सोसत नसत. फरक दिसतो तो नेमका अडचणीच्या काळात, आणि मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

याचे कारण असे की अमिनो आम्लांची टंचाई होताच पॉलीफॉस्फेट साचते, ते लॉन या प्रथिनभंजक एन्झाइमला चिकटते आणि रायबोसोम या प्रथिने बनवणाऱ्या यंत्रणेतील सुट्या प्रथिनांचे विघटन घडवून नव्या प्रथिनांसाठी कच्चा माल मिळवून देते. शिवाय 2014 साली मिशिगन विद्यापीठातील उर्सुला याकोब यांच्या गटाने दाखवले की ब्लीचमधील हायपोक्लोरस आम्लाने प्रथिनांची घडी विसकटू लागली की पॉलीफॉस्फेट त्यांना धरून ठेवते, गुठळ्या होऊ देत नाही आणि संकट टळल्यावर पुन्हा घडी बसण्याची शक्यता राखते. प्रथिन नसलेला इतका साधा रेणू हे काम करतो, याचे मला आजही नवल वाटते.

रचनेविषयी म्हणाल, तर स्यूडोमोनास एरुजिनोसा या रोगकारक जीवाणूमध्ये उपासमारीत हे कण पेशीतील डीएनएच्या भागात जवळपास समान अंतरावर मांडले जातात आणि पॉलीफॉस्फेट बनवता न येणाऱ्या पेशींना पेशीचक्र (वाढ आणि विभाजनाचा क्रम) वेळेवर थांबवता येत नाही. अशा पेशींची हालचाल मंदावते आणि जैवपटलही (पृष्ठभागाला चिकटलेला जीवाणूंचा थर) नीट तयार होत नाही. मानवी पेशींतही पॉलीफॉस्फेट असते, परंतु जीवाणूंचे पीपीके नसते. म्हणूनच ते एन्झाइम रोखणाऱ्या औषधांचा शोध सुरू आहे.