वाचकांचे प्रश्न : ‘अंडर प्रेशर’ रंगमंचावर

प्रश्न : ब्रिटिश रॉक बँड क्वीन आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या ‘अंडर प्रेशर’ या गाण्याची मैफलीतील जी ध्वनिमुद्रणे माझ्याकडे आहेत, त्यांपैकी एकातही क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आणि बोवी एकत्र गाताना आढळत नाहीत. तसा कार्यक्रम झाला होता का? नसल्यास कोणते ध्वनिमुद्रण मिळवावे?

उत्तर : तसा कार्यक्रम कधीच झाला नाही, त्यामुळे आपला संग्रह अपुरा आहे असे मुळीच समजू नये. १९८१ च्या जुलैत स्वित्झर्लंडमधील माँत्रो येथील स्टुडिओत हे युगुलगीत आकाराला आले, ऑक्टोबरमध्ये सुटे गाणे (सिंगल) म्हणून निघाले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. मात्र ते गाणारे दोघे त्यासाठी रंगमंचावर एकदाही शेजारी उभे राहिले नाहीत. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली स्टेडियममधील ‘लाइव्ह एड’ या मदतनिधी मैफलीत क्वीनपाठोपाठ बोवीच गायला आला होता, तरीही योग जुळला नाही, याची हळहळ अनेकांना आजही वाटते.

क्वीनने मात्र गाणे अडवून ठेवले नाही. नोव्हेंबर १९८१ मधील मॉन्ट्रियलच्या चित्रित मैफलीपासून १९८६ च्या वेम्बलीपर्यंत ते सतत गायले गेले आणि बोवीच्या वाट्याच्या ओळी मर्क्युरी व ड्रमवादक रॉजर टेलर यांनी वाटून घेतल्या. आवेश भरपूर, पण दोन भिन्न स्वभावांचे आवाज एकमेकांवर आदळण्याची जी गंमत मूळ गाण्यात आहे, ती तिथे सापडत नाही.

बोवीने ते जाहीरपणे गायले ते मर्क्युरीच्या निधनानंतर, २० एप्रिल १९९२ च्या वेम्बलीतील स्मृतिमैफलीत. सोबत गायिका अ‍ॅनी लेनॉक्स होती, डोळ्यांभोवती काळा पट्टा रंगवलेली. पुष्कळांना तेच सादरीकरण सर्वश्रेष्ठ वाटते. मला त्यात नाट्य किंचित जास्त वाटते.

माझी पसंती गेल अ‍ॅन डॉर्सीला आहे. १९९५ पासून बोवीच्या वाद्यवृंदात बास गिटार वाजवणाऱ्या या कलावतीने मर्क्युरीचा भाग उचलला, आणि तोही वाद्य खाली न ठेवता. या गाण्याचा बास सोपा भासतो: एकच स्वर सहा वेळा आणि सातवा त्याखालचा. पण बोटांनी ही अढळ लय धरून ठेवायची आणि त्याच वेळी गळ्याने तिला न जुमानता तारसप्तकात मुक्त फिरायचे, ही दुहेरी कसरत किती अवघड आहे, हे ज्याने एकदा तरी वाजवत गाण्याचा प्रयत्न केला आहे त्यालाच कळेल. ती मर्क्युरीची नक्कल करत नाही, आणि म्हणूनच बोवीलाही पुन्हा खऱ्या अर्थाने जोडीदार मिळाल्यासारखे वाटते. नोव्हेंबर २००३ मधील डब्लिनच्या मैफलींचा ‘अ रिअ‍ॅलिटी टूर’ हा संग्रह आपण आधी मिळवावा. शक्य असल्यास चित्रफीतच पाहावी, म्हणजे तिची बोटेही दिसतील.