ककार पाळतो, पगडी बांधतो, पण मन कोरडंच राहतं. मन तयार होईपर्यंत हा वेश उतरवून ठेवावा का?

तुम्ही लिहिलंय की अमृत छकल्यापासून, म्हणजे खालसा दीक्षा घेतल्यापासून, पाचही ककार (केस, कंघा, कडं, कच्छा, किरपाण) नेमाने सांभाळता, नोकरीसाठी पुण्यात एकटे राहता, पण पाठाला (बाणी म्हणायला) बसलं की मन जागेवर नसतं. सकाळी आरशात पगडी दिसली की आपण सोंग आणलंय असं वाटतं. मग कबीरांचा एक सलोक (दोहा) देऊन तुम्ही विचारता की आतून काही उगवेपर्यंत हे सगळं बाजूला ठेवणं जास्त खरेपणाचं नाही का?

माझं उत्तर 'नाही' असं आहे. पण तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. ज्याला आतल्या कोरडेपणाची बोचणी लागते, त्याचं आतलं काहीतरी जागं असतं.

मी नांदेडचा. आमच्या कित्येक पिढ्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या आसऱ्याने राहिल्या. घरात पंजाबी, दखनी आणि मराठी तिन्ही चालतात. मी शाळेत गणित शिकवतो. ग्यानी (ग्रंथाचा जाणकार) म्हणून नव्हे, रोज पगडी बांधून कामाला जाणारा माणूस म्हणून सांगतो.

आधी तो सलोक. 'कबीर प्रीति इक सिउ कीए आन दुबिधा जाइ, भावै लांबे केस करु भावै घररि मुडाइ.' त्या एकाशी प्रीत जडली की बाकीची दुविधा जाते, मग लांब केस ठेव नाहीतर डोकं तासून टाक. वादात हा सलोक आला की लोक दुसरी ओळ धरतात आणि पहिली सोडून देतात. कबीर जटाधाऱ्याला आणि मुंडन केलेल्याला एकाच वेळी बजावताहेत की प्रीतीवाचून दोघांच्याही हाती काही लागणार नाही. केस उतरवले की प्रीत उत्पन्न होईल, असं ते म्हणत नाहीत. तुम्ही पगडी उतरवलीत तर उद्या सकाळी पाठाला बसल्यावर मन आजच्यासारखंच भटकेल. फरक एवढाच, की बोचणी लावणारी वस्तू समोर नसेल.

बाहेरच्या चिन्हांवर गुरुबाणीत, म्हणजे गुरु ग्रंथ साहिबातल्या रचनांत, याहून कडक बोल आहेत. जनमसाखीतली, म्हणजे गुरु नानकांच्या चरित्रकथांतली, गोष्ट तुम्हाला माहीत असेल. लहानग्या नानकांच्या गळ्यात जानवं घालायला पुरोहित आले, तेव्हा त्यांनी दयेचा कापूस, संतोषाचं सूत, संयमाची गाठ आणि सत्याचा पीळ असलेलं जानवं मागितलं; जे तुटत नाही, मळत नाही, जळत नाही असं. ही बाणी 'आसा दी वार'मध्ये आहे आणि 'आसा दी वार' गुरुद्वाऱ्यांत पहाटे गायली जाते. म्हणजे पाच ककार धारण करून बसलेली संगत दिवसाच्या सुरुवातीलाच नुसत्या चिन्हांवरची टीका ऐकते, स्वतःवरच ऐकते, आणि मग कामाला लागते. गुरूंनी वेश दिला आणि त्या वेशाला जाब विचारणारी बाणीही हाती दिली. तुम्हाला या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात. मला त्या सोबत दिलेल्या वाटतात.

मुळात हा वेश कुणाला आणि कधी दिला गेला, ते आठवा. 1675 मध्ये दिल्लीत गुरु तेग बहादुरांचं शीर उतरवलं गेलं. परंपरा सांगते की त्या दिवशी पुष्कळ शीख गर्दीत ओळखू न येता राहिले, आणि हजारोंत एकटा उभा असला तरी लपणार नाही असा शीख घडवायचं त्यांचे पुत्र दशमेश पिता, म्हणजे दहावे गुरु गोबिंद सिंघ, यांनी ठरवलं. 1699 च्या वैशाखीला आनंदपूर साहिबला त्यांनी शीर मागितलं. पाच जण उठले. तुझी समाधी लागते का, पाठात मन रमतं का, असं त्यांना कुणी विचारल्याचं कुठल्याच साखीत नाही. शीर द्यायची तयारी पाहिली आणि अमृत दिलं. वाट तिथून सुरू झाली. वेश म्हणजे पोचल्याची पावती असती, तर तुमची शंका बरोबर ठरली असती.

त्या पाचांतले भाई साहिब सिंघ बिदरचे, म्हणजे आमच्या नांदेडच्या शेजारचेच म्हणायचे. परंपरेनुसार ते न्हाव्याच्या घरातले. ज्याच्या घराण्याचं पोट वस्तऱ्यावर चालायचं, त्या माणसाने केस राखायचं व्रत घेतलं, याचा मी फार वेळा विचार करतो. आणि तरी वस्तऱ्याशी गुरूंचं वैर नव्हतं. सैण भगत, ज्यांना आपण महाराष्ट्रात सेना महाराज म्हणतो, त्यांचा शबद (पद) गुरु ग्रंथ साहिबात आहे. कबीर, रविदास, नामदेव यांच्या काळात ककार नव्हतेच, पण त्यांच्या बाणीपुढे आपण रोज मत्था टेकतो. म्हणून केस कापलेल्या शिखाला 'पतित' म्हणून हिणवणारा कुणी भेटला की मला वाईट वाटतं. 1984 मध्ये दिल्लीत जीव वाचवायला ज्यांनी केस कापले, त्यांच्याबद्दल निवाडा करणारे आपण कोण? हा वेश मी स्वतःवर घेतलेला नेम आहे. दुसऱ्याला मोजायला तो दिलेला नाही.

आता रोजच्या व्यवहाराचं. तुमची तक्रार वाचून मला वाटलं की तुम्ही दिवसाचे दोन तुकडे केलेत: पगडीचा वेळ वेगळा, पाठाचा वेगळा. पहिला वाया जातो आणि दुसरा पुरत नाही. गुरूंच्या दरबारातले कवी भाई नंदलाल यांच्या नावे असलेल्या तनखाहनाम्यात (शिखांच्या आचारनियमांच्या रचनेत) दोन वेळा कंघा करावा आणि पगडी लड लड करून, पदरावर पदर देत, बांधावी असं सांगितलंय. टोपीसारखी काढून खुंटीला अडकवायची आणि सकाळी तशीच डोक्यावर चढवायची, असं नाही. रोज उलगडायची, रोज नव्याने बांधायची. मला हा नेम साधनेचाच भाग वाटतो, आणि तो तसा जगता येतो.

आमच्या घरी सकाळी सहाच्या सुमाराला पूणी, म्हणजे पगडीच्या कापडाची घडी, होते. फुल व्हॉइलचं सहा मीटर कापड, एक टोक माझ्या हातात, दुसरं मुलाच्या. तिरकं ताणायचं, झटकायचं, मग घडीवर घडी घालत एकमेकांकडे चालत यायचं. नुकतंच धुतलेलं असेल तर खळीचा वास येतो. या वेळी आम्ही मोबाइल हाती घेत नाही आणि फारसं बोलतही नाही. मग एक टोक दातांत धरायचं आणि पहिली लड कानावरून वर न्यायची. प्रत्येक लडीला एकदा 'वाहेगुरू'. दात मिटलेले असल्याने तो मनातच म्हणावा लागतो, आणि मनात म्हटलेला जास्त टिकतो असा माझा अनुभव आहे. शेवटी सलाईने (पगडीच्या सुईने) कडा आत सारल्या की झालं. तुम्ही एकटे राहता, तर पूणीसाठी टोक दाराच्या कडीला बांधत असाल. हरकत नाही. पण त्या वेळात गाणी किंवा बातम्या लावत असाल, तर तेवढं महिनाभर बंद करून बघा. कंघा करतानाही तसंच. केसांचा गुंता सोडवताना घाई केली की केस तुटतात, सावकाश केलं की सुटतात. त्या सावकाशीत जपुजी साहिब या सकाळच्या बाणीच्या दोन-चार पउड्या (कडवी) सहज होतात. पूर्ण पाठ नंतर बसूनच करायचा. पण बसाल तेव्हा मन आधीच थोडं निवलेलं असेल.

मन भटकतं याचा फार धसकाही घेऊ नका. आपल्या नामदेवबाबांचे 61 शबद ग्रंथात आहेत. त्यांतला रामकली रागातला एक, अंग (पान) 972 वर, तुमच्यासाठीच लिहिला असावा असा आहे. मुलगा कागद कापून पतंग उडवतो, सवंगड्यांशी गप्पा मारतो, चित्त दोरीवर. गाय पाच कोसांवर चरते, चित्त वासरावर. आई बाळाला पाळण्यात निजवून घरात-बाहेर कामं उरकते, चित्त बाळावर. आणि हे ते सांगताहेत भगत त्रिलोचनांना. याच त्रिलोचनांनी त्यांना 'कापडं छापत बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस' असं विचारल्याचं कबीरांच्या सलोकांत येतं. नामदेवांचं उत्तर तिथेही तेच: हातपाय कामात राहू देत, चित्त निरंजनापाशी. बाबांनी शिंप्याचं काम सोडलं नाही. तुम्हालाही नोकरी, लोकल, भाड्याची खोली यांतून बाहेर पडून साधना करायची नाहीये.

पण नामदेवांचाच आसा रागातला शबद दुसऱ्या बाजूने बोलतो. साप कात टाकतो, विष टाकत नाही; बगळा पाण्यात ध्यान लावून उभा असतो. मराठीत आपण ज्याला बकध्यान म्हणतो तेच. ही भीती खरी आहे आणि ती पगडी नीट बांधणाऱ्यालाच जास्त आहे. हल्लीची मुलं शर्टाला जुळणारा रंग शोधतात, फिफ्टीची (पगडीखालच्या पट्टीची) कड किती दिसावी यावर तासभर बोलतात, फोटो टाकतात. टापटीप असावंच, गबाळी पगडी मलाही आवडत नाही. पण आरशासमोर अर्धा तास आणि रहिरास (संध्याकाळचा पाठ) चालत्या गाडीत अर्धीमुर्धी, असं होऊ लागलं की थांबून बघावं.

आत काय चाललंय हे पाठात कळत नाही, माणसांत कळतं. समजा, मॉलच्या दारात सुरक्षारक्षक किरपाण बघून अडवतो. आपल्या राज्यघटनेच्या कलम 25 च्या स्पष्टीकरणात किरपाण धारण करणं हे शीख धर्मपालनाचा भाग आहे असं स्पष्ट लिहिलंय, ते त्याला ठाऊक नसतं. हक्क तुमच्या बाजूने आहे, मागे रांग लागलीय, लोक बघताहेत. त्या क्षणी आवाज किती चढतो? मी अशा वेळी आधी त्याला 'भाऊ, जेवण झालं का' विचारतो, मग समजावतो, आणि नाहीच ऐकलं तर त्याच्या साहेबाला बोलवायला सांगतो. हक्क सोडायचा नाही, पण बारा तास उभ्या असलेल्या त्या पोरावर क्रोधही काढायचा नाही. कमरेला किरपाण असताना हे जमवणं, यालाच मी बाहेर आणि आत यांचा मेळ म्हणतो. गुरु नानकांनी सत्य सगळ्यांहून वर म्हटलं आणि सत्याचं आचरण त्याच्याही वर ठेवलं.

आणि या वेशाने तुम्ही लोकांना सापडता. 2020 च्या लॉकडाउनमध्ये यवतमाळ जिल्ह्यात करंजीजवळ, महामार्गालगत पत्र्याच्या शेडमधल्या लंगरात पायी निघालेल्या मजुरांना आठवडेच्या आठवडे जेवण मिळत होतं. दुरून निळी पगडी दिसली की इथे पोटाला मिळेल हे अनोळखी माणसाला विचारावं लागत नाही. रात्रीच्या एसटी स्टँडवर एकटी म्हातारी बाई फलाट विचारायला गर्दीतून नेमकी माझ्याकडे येते, तेव्हा मी थकलेला असलो तरी उठतो. माझं मन त्या घडीला नामात असतं असं नाही. पण पगडीने मला उठवलेलं असतं, आणि उठून चार पावलं गेलं की मन मागोमाग येतं. तुमचा क्रम 'आधी मन, मग वेश' असा आहे. माझ्या पाहण्यात तो बहुतेकांच्या बाबतीत उलटा चालतो.

कोरडेपणावर मला माहीत असलेला एक हुकमी उपाय म्हणजे जोडाघरातली, गुरुद्वाऱ्यात चपला ठेवतात तिथली, सेवा. लंगरात वाढताना लोक तोंडाकडे बघतात, 'धन्य हो' म्हणतात. जोडाघरात कुणी बघत नाही. चपला घ्यायच्या, पुसायच्या, टोकन द्यायचं. पुण्यात कॅम्पातल्या गुरु नानक दरबारात रविवारी जा, सेवादाराला विचारा आणि दोन तास तिथे थांबा. पाठ किती झाला ते त्या दिवशी मोजू नका.

एवढं करूनही पुढे कधी नेम मोडलाच, केस कापले गेले किंवा ककार सुटले, तर लाजेने गुरुघराकडे पाठ फिरवू नका. पंज प्याऱ्यांपुढे (अमृत देणाऱ्या पाच शिखांपुढे) पेश होता येतं. ते तनखाह (प्रायश्चित्त) लावतात, बहुधा पाठ आणि भांडी घासण्यासारखी सेवा, आणि अमृत पुन्हा छकता येतं. पण आज तुमच्यावर तशी वेळ आलेली नाही. कोरडं वाटतंय म्हणून ती ओढवून घेऊ नका. अंग 972 चा शबद मराठी अर्थासकट हवा असेल तर खाली लिहा, मी सवडीने टाइप करून टाकतो.