लहान खेड्याची विकासमर्यादा अगदी घरांना चिकटून आखावी का?

साठ-सत्तर घरांच्या खेड्याभोवती विकासमर्यादेची रेषा, म्हणजे जिच्याबाहेर एरवी नवीन बांधकाम होऊ द्यायचे नाही ती हद्द, घरांना चिकटून आखली, तर भोवतालचे निसर्गदृश्य आपोआप सुरक्षित राहील का, असे आपण विचारले आहे. ग्रामीण आराखड्यांच्या कामात काही वर्षे घालवल्यावर माझे उत्तर नकारार्थी आहे. आत श्वास घ्यायला जागा नसलेली रेषा काही काळ टिकते आणि मग बहुधा रस्त्याकडेच्या एखाद्या शेतात, ‘एवढा एकच अपवाद’ म्हणून तुटते.

म्हणून आधी गरज मोजावी आणि मग रेषा आखावी. स्वित्झर्लंडमध्ये 2013 च्या सार्वमताने मान्य झालेल्या नियोजन कायद्यातील दुरुस्तीनुसार बांधकाम क्षेत्र पुढील 15 वर्षांच्या अपेक्षित गरजेपुरतेच ठेवायचे असते, आणि पूर्वी जास्त राखून ठेवलेले असेल तर ते कमी करावे लागते. गरज आणि मागणी यांत मात्र गल्लत करू नये, कारण सुट्टीपुरत्या घरांची मागणी देखण्या खेड्यात कधीच संपत नाही. त्याच देशाने 2012 च्या सार्वमतात गावातील अशा दुय्यम घरांवर एकूण घरांच्या 20 टक्क्यांची मर्यादा घातली. इंग्लंडमध्ये वेगळी सोय आहे. तेथे एरवी घरांना परवानगी न मिळणाऱ्या जागेवर स्थानिक लोकांच्या परवडणाऱ्या घरांसाठी लहान भूखंड अपवाद म्हणून मंजूर करता येतो. हे जमते ते हद्द ठाम असते म्हणूनच, कारण बाजारभावाची घरे तेथे होणार नाहीत हे ठाऊक असल्याने जमिनीची किंमत आवाक्यात राहते.

रेषा प्रत्यक्ष चालून आखावी. नकाशावर घरांमागची सारी परसे एकसारखी हिरवी दिसतात. जागेवर गेल्यावर कळते की एका घरामागे भाजीचे चार वाफे आहेत, तर शेजारच्या घरामागे लांबच लांब जुनी फळबाग थेट ओढ्यापर्यंत उतरली आहे. ती बाग हद्दीच्या आत घेतली, तर पुढे तिच्यात मागच्या बाजूने तीन-चार घरे उभी राहण्याचा मार्ग खुला होतो. वगळली, तर मालक नाराज होतो. मी अशी बाग वगळण्याच्या बाजूचा आहे, पण कारण लेखी नोंदवावे. रेषा बांध, कुंपण, ओढा अशा जमिनीवर दिसणाऱ्या खुणेवरून न्यावी, म्हणजे पुढे वाद कमी होतात.

निसर्गदृश्याचे रक्षण हे हद्दीबाहेरचे स्वतंत्र काम आहे. रेषेपलीकडचे सगळे ‘मोकळे रान’ असे लिहून ठेवले, की त्यातील नेमके काय राखायचे हे कोणालाच सांगता येत नाही. दोन वस्त्यांमधली दरी, गावात शिरताना वळणावर दिसणारा उतार, रात्रीचा काळोख, अशा गोष्टी नावानिशी नोंदवाव्यात. 2000 साली फ्लॉरेन्स येथे झालेल्या युरोपीय भूदृश्य करारात केवळ नामांकित स्थळेच नव्हे, तर रोजच्या सामान्य भूदृश्याचाही समावेश आहे. लहान खेड्याला हाच आधार अधिक उपयोगी पडतो. सर्वांत जास्त जपावे ते रस्त्याकडेच्या शेतांना. एकेक घर किरकोळ वाटते, पण ओळ लागली की मागचे सारे शेत नजरेआड होते. याच प्रकाराला आळा घालण्यासाठी ब्रिटनला 1935 मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला होता.

वादग्रस्त भूखंडाबाबत एक साधा उपाय सुचवतो. स्वित्झर्लंडमध्ये परवानगीपूर्वी नियोजित इमारतीच्या कोपऱ्यांवर तिच्या उंचीचे खांब उभारून आकार दाखवावा लागतो. तसे बांबू उभे करावेत आणि मंडळींना नेहमीच्या पायवाटेवरून ते पाहायला सांगावे. शक्य असल्यास झाडांची पाने गळालेली असताना, कारण भर पानांआड लपलेले घर पुढे अनेक महिने उघडे पडणार असते.