वाचक विचारतात : पोलोला शॉकअप कुठले घालू?

प्रश्न : माझ्याकडे २०१४ सालची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे. ९२ हजार किलोमीटर झाले. रोज फोंड्याहून बोरीमार्गे वेर्ण्याला कामावर जातो आणि महिन्यातून एक-दोन रविवारी पहाटे चोर्ला घाटात. वर्षभरापासून वळणात रस्ता खराब लागला की मागची बाजू उडी मारते, ब्रेक दाबला की नाक खाली बसते आणि खड्ड्यात पुढून 'खाड्' असा आवाज येतो. मित्र म्हणतात, बिलस्टाइन या जर्मन कंपनीचे बी ८ शॉकअप आणि गाडी खाली बसवणाऱ्या लोअरिंग स्प्रिंग घाल, गाडी रुळावरून चालल्यासारखी चालेल. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, होते तसलेच घाला. चाके मी १७ इंची केली आहेत, टायर २०५/४५. पैसे घालायची तयारी आहे, पण एकदाच. आमच्या घरातून सांगून ठेवले आहे की गाडी याहून कडक झाली तर मी बसणार नाही.
— एक वाचक, फोंडा

उत्तर : बाब, तुमच्या मित्रांपेक्षा तुमच्या घरच्यांना गाडीतले जास्त कळते. त्यांची अट मी वर ठेवतो आणि बाकीचे तिच्याखाली बसवतो.

शॉकअप या नावानेच माणसे फसतात. धक्का खातात ते टायर आणि स्प्रिंग. शॉकअपचे काम त्यानंतरचे. दाबलेली स्प्रिंग उसळते, परत दबते, परत उसळते. ती उसळी दोन हेलकाव्यांत संपवायची. आत तेल असते. पिस्टनच्या बारीक वाटांतून ते दाबून काढले जाते आणि उसळीतली ताकद उष्णता होऊन निघून जाते. घाट उतरून आल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल.

आता खरी गोम. एकाच नळीला दोन कामे करावी लागतात. वळणात गाडी कलते, ब्रेक लागला की नाक बसते, ही बॉडीची हालचाल संथ, सेकंदाला साधारण एक-दीड हेलकावा. खड्ड्यात चाक थरथरते ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा. चांगला शॉकअप संथ हालचालीला घट्ट धरतो आणि पिस्टन झटकन पळाला की झडप उघडून तेलाला वाट देतो. म्हणून वळणात तो ठाम वाटतो आणि खड्ड्यात हाडे मोडत नाही. दुकानात हाताने दाबून 'हा कडक आहे' म्हणणाऱ्याला फक्त संथ बाजू कळते. वेगाच्या बाजूला तो कसा वागेल ते हाताला कळायचे नाही. स्वस्तातले 'स्पोर्ट' म्हणून विकलेले पुष्कळ शॉकअप दोन्हीकडे सारखेच कडक असतात. अशा गाडीचे चाक खराब वळणात रस्ता सोडून हवेत जाते, आणि चालवणाऱ्याला वाटते गाडी किती स्पोर्टी झाली.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. नव्वदच्या दशकात माझ्या झेनला रॅलीसाठी बनवलेले शॉकअप मोठ्या हौसेने घातले होते. चवथीच्या आदल्या दिवशी मयेच्या चित्रशाळेतून गणपती आणायला गेलो. बाबा मूर्ती मांडीवर घेऊन मागे बसलेले, पाऊस पडतोय, आणि मी पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये बैलगाडीसारखा चाललोय. तरी एका मोरीवर दणका बसलाच आणि उंदराचा कान तुटला. बाबा म्हणाले, "तुझ्या गाडीत माणसे बसत नाहीत, देव कसा बसेल?" कान मी घरी शाडूने चिकटवला. शॉकअप पुढच्या आठवड्यात विकले.

तुमच्या गाडीकडे येऊ. ९२ हजारांनंतर शॉकअप थकले असणार, त्यात मला शंका नाही. पण सगळा दोष त्यांचा नव्हे. जीटी टीएसआयला मूळ १५ इंची चाक, १८५/६० टायर. त्या टायरची भिंत १८५ च्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलिमीटर उंच. तुमच्या २०५/४५ ची ९२. म्हणजे जवळजवळ दोन सेंटिमीटर रबर तुम्ही स्वतः पैसे देऊन कमी केले आणि तो मार आता स्प्रिंग, शॉकअप, माउंट आणि तुमच्या घरच्यांची कंबर वाटून घेतात. उसगाव-तिस्क भागात ट्रकांनी उखडलेल्या रस्त्यावर हा हिशेब लगेच कळतो. कोणाकडून तरी जुनी १५ इंची चाके आठवडाभर मागून घ्या आणि रोजच्या रस्त्यावर फिरा. निम्मी तक्रार गेली तर शॉकअप निवडणे सोपे होईल.

तो 'खाड्' आवाजही मला शॉकअपचा वाटत नाही. शॉकअप मेला की गाडी डुलते, आवाज क्वचित करते. आवाज बहुधा स्ट्रटच्या (म्हणजे पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या जोडखांबाच्या) टॉप माउंटचा, लिंक रॉडचा किंवा लोअर आर्मच्या बुशचा, म्हणजे सांध्यातल्या रबराचा. गाडी उभी ठेवून कोणाला तरी स्टीअरिंग फिरवायला सांगा आणि बॉनेट उघडून माउंटवर हात ठेवा. टकटक हाताला लागली तर गुन्हेगार तोच. शॉकअप गळतोय का तेही बघा. नळीवर तेलाचा पुसट ओलावा असला तर घाबरू नका, धुळीचा चिखल होऊन ओघळ आला असेल तर तो गेला. टायरवर हात फिरवा. रबर खालीवर लाटांसारखे झिजले असेल तर चाक बरेच दिवस रस्त्यावर नाचत आलेय. बोनेटवर बसून दाबून बघायची आपली जुनी परीक्षा हल्लीच्या गाड्यांना फारशी लागू पडत नाही. त्यापेक्षा पहाटे बोरी पुलाच्या सांध्यांवरून जा. प्रत्येक सांध्यानंतर नाक एकदाच वरखाली झाले तर ठीक, तिसरा हेलकावा आला तर संपले.

आता निवड. बी ८ तुमच्यासाठी नाहीत. बिलस्टाइनने बी ८ आखूड केले आहेत ते बसक्या स्प्रिंगसाठी. गाडी ३० मिलिमीटर खाली आली की चाकाला वर सरकायला तेवढीच जागा कमी. मग मोठ्या खड्ड्यात शॉकअप काम करायच्या आधीच गाडी बम्प स्टॉपच्या रबरावर आपटते. आपल्याकडे पंचायतीगणिक वेगळ्या उंचीचा स्पीडब्रेकर आहे आणि पावसाळ्यात पाण्याखाली काय आहे ते देवालाच ठाऊक. कोणी सांगेल, बी ८ घाल पण स्प्रिंग कंपनीचीच ठेव. तेही नको. आखूड शॉकअपला खाली लटकायला जागा कमी पडते, चाक खड्ड्यात उतरण्याआधीच रॉड टोकाला जाऊन ठोका देतो. स्प्रिंग कापून गाडी बसवणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही, संपादक शब्द काढून टाकतात.

मूळ उंचीसाठी बी ६ आहेत. आत एकच नळी, तळाला जास्त दाबाचा नायट्रोजन, मध्ये तरंगता पिस्टन. त्यामुळे गॅस आणि तेल मिसळत नाहीत, फेस होत नाही. तेलाची नळी थेट वाऱ्यावर असल्यामुळे थंडही लवकर होते. फ्रान्सचा इंजिनिअर द कार्बोन याची ही कल्पना बिलस्टाइनने १९५० च्या दशकात मर्सिडीजसाठी उचलली. संथ हालचालीला बी ६ चांगलेच घट्ट असतात, खड्ड्यात झडप वेळेवर सुटते. पण एक अडचण आहे. भारतातली पोलो युरोपातल्या पोलोपेक्षा उंच ठेवलेली. कॅटलॉगमध्ये 'पोलो' लिहिले आहे एवढ्यावर मागवू नका. मूळ शॉकअपची पूर्ण उघडलेली आणि पूर्ण दाबलेली लांबी, स्ट्रटच्या नळीचा व्यास आणि स्प्रिंगची बशी किती उंचीवर आहे, ही मापे विक्रेत्याकडून लिहून घ्या. देणार नसेल तर दुसरा विक्रेता.

कोनी कंपनीचे पिवळे स्पोर्ट शॉकअप सांगणारेही भेटतील. त्यांची कडकपणा बदलायची फिरकी फक्त उसळी रोखण्याची ताकद बदलते, दबणे रोखण्याची नाही. पुढच्या चाकांना वरून फिरवता येते, पण मागचे पुष्कळ गाड्यांत काढून, दाबून फिरवावे लागतात. रविवारी चोर्ला आणि सोमवारी वेर्णा असे दर आठवड्याला करणार आहात का? मी ओळखतो तुम्हाला. पहिल्या महिन्यात दोनदा कराल.

आणि सर्व्हिस सेंटरवाल्यांचे 'होते तसलेच' इतके हलके घेऊ नका. साक्स, मनरो, केवायबी यांचे दोन नळ्यांचे गॅस शॉकअप काही टाकाऊ माल नाही. तुम्ही वर्षभराहून जास्त काळ मेलेल्या शॉकअपवर चालवताय. शॉकअप हळूहळू मरतो, म्हणून माणसाला कळत नाही. नवे साधे घातले तरी तुम्ही म्हणाल, अरे, २०१४ ला गाडी अशी होती होय! १०५ पीएसच्या गाडीला चोर्ल्यात तेवढे पुरते.

माझा निकाल असा. १५ इंची चाकांवर परत येणार असाल आणि मापे जुळली तर बी ६, मूळ स्प्रिंगवर. १७ इंची सोडवत नसतील तर चांगल्या कंपनीचे साधे गॅस शॉकअप आणि पुढे तोंड बंद. घरच्यांना पहिल्या दिवशी मागच्या सीटवर बसवून फोंडा-केरी न्या.

बसवताना काय बघायचे हे जास्त महत्त्वाचे, कारण अर्धे शॉकअप बसवतानाच मरतात. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये पोराने नट सुटेना म्हणून चकचकीत रॉड प्लायरने धरला. रॉडवर नखाएवढा ओरखडा, सील फाटले, तीन महिन्यांत तेल बाहेर. रॉड आतून अ‍ॅलन कीने धरायचा आणि नट हाताच्या पान्याने आवळायचा, इम्पॅक्ट गन तिथे आणायचीच नाही. साधे दोन नळ्यांचे असतील तर बसवण्याआधी उभे धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून सोडायला सांगा, आडवे पडून आत हवा शिरलेली असते. टॉप माउंट, बेअरिंग, बम्प स्टॉप, डस्ट कव्हर नवेच घाला. तीच मजुरी, दुसऱ्यांदा उघडायचे कशाला? मागे स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे आहेत, ते काम सोपे. पुढे स्प्रिंग दाबून काढावी लागते, तिथे दोरी बांधून जुगाड करणाऱ्याच्या जवळ उभेसुद्धा राहू नका. आणि बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. लिफ्टवर लटकत असताना आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि वर्षात फाटते. मग व्हील अलाइनमेंट.

प्रश्न : स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस आहे. मागचा डावा शॉकअप गळतोय. चारही बदलायला सांगतात. लुटतायत का?
— मडगाव

उत्तर : एकटा डावा बदलू नका, मागची जोडी बदला. नवा एक आणि जुना एक असले की गाडी डाव्या-उजव्या वळणात वेगळी वागते, पावसात हे फार वाईट. पुढचे कोरडे असतील, टायर सारखे झिजत असतील आणि किलोमीटर फार नसतील तर पुढचे राहू द्या. मात्र व्हीआरएस साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली असते. साध्या गाडीचा शॉकअप कदाचित बसेलही, पण तो तिचा नव्हे. गाडीच्या चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या.

प्रश्न : आम्ही मोरजीला समुद्राजवळ राहतो. दोन वर्षांत दुसऱ्यांदा शॉकअप गळले. कंपनी खराब की आमचे नशीब?
— पेडणे तालुका

उत्तर : मीठ. गाडी बरेच दिवस एकाच जागी उभी राहते ना? उघड्या रॉडवर खारा वारा बसतो, क्रोमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि प्रत्येक हेलकाव्याला ते सील कापतात. डस्ट कव्हर फाटले आहे का ते बघा, बहुतेक वेळा तेच फाटलेले असते. आठवड्यातून एकदा चाकांच्या कमानीत गोड्या पाण्याचा पाइप मारा, प्रेशर वॉशरचे तोंड थेट सीलवर नको. आणि वाळूवर गाडी नेत असाल तर मला पुन्हा पत्र लिहू नका.